बिनसहीचा हुकूम



अरुणावतीकाठच्या या आर्णी गावाने साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान एका मालिकालेखकाला दिला, याबद्दल मी आपला ऋणी आहे. साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. परंतु कविता आणि कादंबरी यांविषयी अधिकारी वक्ते येथे बोलले आहेत, म्हणून तो भार त्यांच्यावर सोपवून अनेक वर्षे मनात साचलेली एकच कैफियत मांडण्याची अनुज्ञा मागतो.

सकाळच्या परिसंवादात शासनाची कात्री अधिक घातक की वाहिन्यांची, असा वाद रंगला. शासनाच्या कात्रीचा जाच मी कमी लेखीत नाही. पण शासनाचा हुकूम कागदावर उतरतो, त्याखाली कोणाची तरी सही असते, आणि सही असली म्हणजे दाद मागता येते. ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक अडवले गेले तेव्हा त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकून आले. भोपाळच्या वायुकांडावरील अनुबोधपट दूरदर्शनने नाकारला, त्या नकाराची कारणे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली एकेक करून तपासली आणि अमान्य केली. दूरदर्शनने अडवलेल्या अनुबोधपटासाठी झगडणाऱ्या आनंद पटवर्धनांनाही २००६ साली त्याच न्यायालयाने न्याय दिला. फार दूर कशाला, २०१९ च्या जानेवारीत आपल्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, ही गोष्ट जिल्ह्याला भूषणावह नव्हती. तथापि ते उघडपणे घडले, म्हणूनच न झालेले ते भाषण मराठीत येऊन घरोघरी वाचले गेले. वाहिनीच्या दालनात जे मरते त्याचा पंचनामासुद्धा होत नाही.

याच जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले, हे आपणांस मी सांगायला नको. त्यानंतर एका वाहिनीच्या दैनंदिन मालिकेत मी एक प्रसंग लिहिला. नवरा गमावलेली बाई रिकामा डबा हातात घेऊन कृषी केंद्राच्या पायरीवर उभी राहते आणि दुकानदाराला विचारते, ‘‘औषध दिलं तेव्हा हातमोजे का नाही दिले?’’ एवढाच तो प्रसंग. चित्रीकरण झाले, संकलन झाले, आणि भाग दाखवण्याच्या आदल्या संध्याकाळी निर्मात्याच्या कचेरीतून फोन आला.

‘‘सर, चॅनेलला सीन जरा जड वाटतोय. बाई दुकानात न जाता देवळात गेली तर?’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘वरून आलंय.’’

‘‘मग तसं लेखी द्या.’’

‘‘सर, असं कुणी लेखी देतं का?’’

दुसऱ्या रात्री महाराष्ट्राने त्या बाईला देवापुढे हात जोडून रडताना पाहिले. त्या मालिकेच्या जाहिरातदारांत कीटकनाशकांचा व्यापार करणारे कोणी होते की नव्हते, की कोणा पुढाऱ्याची मर्जी राखायची होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. ज्या हुकमाला ना सही, ना तारीख, ना कारण, त्याच्याविरुद्ध कोणत्या न्यायालयात अर्ज करावा? प्रक्षेपकांनी २०११ साली तक्रार परिषद स्थापिली खरी, परंतु तिच्यापुढे पडद्यावर दिसलेल्या गोष्टीची तक्रार चालते. पडद्यावर येऊच न दिलेल्या गोष्टीची तक्रार प्रेक्षक करणार तरी कशी?

प्रेक्षकांनाच हे नको असते, हा वाहिन्यांचा ठरलेला बचाव. कोणत्या प्रेक्षकांना? २०१४ च्या मार्चमध्ये याच तालुक्यातील दाभडीला नरेंद्र मोदी शेतकऱ्यांशी चहावर चर्चा करण्यास आले, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे त्या गावात उतरले. मात्र दाभडीसारख्या गावातील घरी कोणती मालिका पाहिली जाते हे मोजणारे यंत्र त्या काळी खेड्यांत नव्हते; ग्रामीण घरांची आकडेवारी २०१५ च्या ऑक्टोबरापासून येऊ लागली. ज्यांची आवड वर्षानुवर्षे कोणी मोजलीच नाही, त्यांच्या नावाने त्यांचेच दुःख मालिकांतून काढून टाकले गेले, आणि आम्ही लेखक पुढच्या भागाचे मानधन अडू नये म्हणून गप्प राहिलो. हे मौन आता पुरे झाले.

लेखकाच्या करारात एक कलम यावे: प्रत्येक कपात कारणासह, सांगणाऱ्याच्या नावासह, लेखी कळवली जाईल. आणि जोवर ते येत नाही तोवर वगळलेल्या प्रसंगांचे एक दप्तर आपण ठेवू या. ते कोणी सांभाळावे, खर्च कोठून करावा, याचा तपशील कार्यकारिणी ठरवील; लेखक संघटनांशी बोलण्याचे मी पत्करतो. त्या प्रसंगाची मूळ पाने मी सोबत आणली आहेत. दप्तरातील पहिला कागद म्हणून ती स्वागताध्यक्षांच्या स्वाधीन करतो, आणि त्यांनी ती पोच लिहून, सही करून घ्यावी अशी विनंती करतो.