जखमी बिबळ्याच्या मागे कोण जाणार?

१८९६ सालची गोष्ट. शिकागोच्या फील्ड संग्रहालयासाठी प्राण्यांचे नमुने गोळा करावयास कार्ल एकली हा तरुण अमेरिकन सोमालीलँडात गेला होता. मेलेल्या जनावराच्या कातड्याला पुन्हा जिवंतपणाचा आभास देण्याच्या कलेत त्याने पुढे मोठे नाव मिळविले. पण त्या संध्याकाळी ते नाव होण्यापूर्वीच पुसले जावयाचे. दिवस मावळला होता. झुडपात काही हालले आणि काय आहे ते नीट न पाहताच एकलीने बार टाकला. उत्तरादाखल गुरगुर ऐकू आली, तेव्हा त्याला कळले की समोर बिबळ्या आहे. उजेड जात चालला होता, गोळ्या चुकत होत्या, आणि जी लागली ती चिडविण्यापुरतीच लागली. पुढच्या क्षणी जनावर अंगावर होते. त्याने गळ्याचा नेम धरला होता. जबड्यात सापडला तो उजवा हात. एकलीने तो हात मागे ओढण्याऐवजी पुढेच त्याच्या घशात खुपसला, दुसऱ्या हाताने नरडे आवळले आणि खाली पडल्यावर गुडघ्यांनी त्याच्या बरगड्या दाबल्या. बिबळ्या मेला, माणूस वाचला. हाताला पट्ट्या बांधलेला एकली आणि शेजारी टांगलेले ते जनावर, असे छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

ही कथा शौर्यकथा म्हणून सांगण्याचा प्रघात आहे, आणि शौर्य तिच्यात आहेच. परंतु शिकारीचा धंदा करणारे लोक तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहतात. न दिसलेल्या सावजावर, मावळत्या उजेडात, पाठीशी कोणी जाणता माणूस नसताना गोळी झाडली गेली. बाकी सारे त्यातून उद्भवले. आफ्रिकेत बिबळ्याच्या शिकारीस जाणारा मनुष्य देश कोणता आणि सोबती कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे घरी बसूनच शोधत असतो. ती उत्तरे चुकली तर काय होते, हे एकलीच्या त्या संध्याकाळी दिसले.

प्रथम हा प्राणी कोण ते स्पष्ट केलेले बरे, कारण आपल्याकडे बोलताना बिबळ्यालाच चित्ता म्हणण्याची सवय आहे. चित्ता निराळा; तो उघड्या माळावर धावून शिकार करतो व माणसाच्या वाटेस सहसा जात नाही. बिबळ्या मात्र आपला व आफ्रिकेचा एकाच जातीचा. जुन्नर-नारायणगावच्या उसात जो राहतो, त्याचाच भाऊबंद लुआंग्वाच्या खोऱ्यात राहतो. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या मारणारा जिम कॉर्बेट १९४७ मध्ये हिंदुस्थान सोडून केनियात गेला आणि १९५५ मध्ये न्येरी येथे वारला. खंड बदलला तरी ठिपके तेच होते.

जे. ए. हंटर या केनियातील नामांकित शिकाऱ्याने धोकादायक प्राण्यांची क्रमवारी लावताना सिंह, रानरेडा, हत्ती व गेंडा यांच्याही वर बिबळ्याला बसविले. सहाशे किलोंचा रानरेडा मागे आणि पन्नास-साठ किलोंचे मांजर पुढे, हे प्रथम विचित्र वाटते. पण हंटरच्या डोळ्यांपुढे होता तो जखमी बिबळ्या. सिंह बहुधा गर्जून आपला ठावठिकाणा सांगतो. जखमी बिबळ्या गुडघाभर गवतात जमिनीसरसा दबून राहतो, माणूस अगदी जवळ येईपर्यंत श्वास सोडत नाही, आणि निघतो तेव्हा बंदूक खांद्याला लावण्याइतकाही अवकाश उरत नाही. तो एकाला धरून बसत नाही. एकाला ओरबाडून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा तो टोळीभर फिरतो. त्याच्या नखांत सडक्या मांसाचे विष असे, आणि प्रतिजैविक औषधे येण्यापूर्वी जखमेपेक्षा त्या विषानेच अधिक माणसे दगावत.

म्हणूनच ‘कोणाबरोबर’ या प्रश्नाला वजन येते. १९३४ मध्ये नैरोबीच्या नॉरफोक हॉटेलात व्यावसायिक शिकाऱ्यांनी आपली संघटना स्थापन केली. फिलिप पर्सिव्हल हा अनेक वर्षे तिचा अध्यक्ष होता. याच पर्सिव्हलने १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्टची आणि १९३३-३४ मध्ये अर्नेस्ट हेमिंग्वेची सोबत केली होती. त्या मंडळींचा पहिला दंडक असा की पाहुण्याने जखमी केलेले जनावर सोडून यावयाचे नाही, आणि त्याच्या मागे पाहुण्याला न्यावयाचेही नाही. पाहुणा मोटारीपाशी थांबे. व्यावसायिक शिकारी दुनळी बंदुकीत छऱ्यांची काडतुसे भरी आणि गवतात शिरे. रायफलीची गोळी एकच असते. जवळून, धावत्या सावजावर छऱ्यांचाच भरवसा अधिक.

या धंद्यात नाव कसे होते, याचे उदाहरण म्हणजे हॅरी सेल्बी. १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, केनियात वाढलेला हा तरुण पर्सिव्हलच्या हाताखाली तयार झाला. १९५१ मध्ये रॉबर्ट रुआर्क हा अमेरिकन पत्रकार त्याच्याबरोबर टांगानिकात गेला व १९५३ मध्ये त्याने त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. त्यानंतर सेल्बीच्या तारखा वर्षानुवर्षे आधीच भरलेल्या असत. पुढे तो बेचुआनालँडात, म्हणजे आजच्या बोट्स्वानात गेला आणि २०१८ मध्ये माउन येथे वारला. पुस्तकाने त्याला कीर्ती दिली खरी, परंतु जाणते लोक शिकाऱ्याची चौकशी पुस्तकांवरून करीत नाहीत. झिंबाब्वेमध्ये आजही व्यावसायिक परवाना मिळविण्यापूर्वी लेखी परीक्षा द्यावी लागते, उमेदवारी करावी लागते, आणि शेवटी परीक्षकांसमोर रानात राहून नेमबाजीपासून तळ उभारण्यापर्यंत सारे करून दाखवावे लागते. तेथील परवान्याला जो मान आहे तो या कडकपणामुळे.

पण परवाना एकाच माणसाच्या खिशात असतो, आणि जखमी बिबळ्याच्या मागे किमान दोघे जातात. पुढे असतो तो माग काढणारा. त्याची नजर जमिनीवर असते, रक्ताच्या थेंबावर, मोडलेल्या काडीवर. हातात बहुधा बंदूक नसते. बिबळ्या झेपावला की पहिला तोच सापडावयाचा. जुन्या शिकारकथांत या कांबा वा दोरोबो माणसांना एखाद्या वाक्यापुरती जागा मिळते. गोऱ्या शिकाऱ्यांची चरित्रे मात्र खंडच्या खंड आहेत. हा अन्याय तर आहेच, शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही तो आंधळेपणा आहे. एखाद्या शिकाऱ्याची पारख करावयाची असेल तर त्याचा माग काढणारा त्याच्याजवळ किती वर्षे टिकून आहे, हे आधी विचारावे. उतावळ्या पाहुण्यांना आवर न घालणाऱ्या धन्यापाशी शहाणा मागकरी राहत नाही.

आता ‘कोठे’ हा प्रश्न. १९५०-६० च्या दशकांत त्याचे उत्तर सोपे होते: नैरोबी. पुढे बिबळ्याच्या कातड्याचे कोट पाश्चात्त्य स्त्रियांच्या अंगावर मिरवू लागले आणि विषाने, फाशांनी प्राणी मारण्याचा धडाका सुरू झाला. टांझानियाने १९७३ मध्ये शिकार बंद केली व १९७८ मध्ये पुन्हा उघडली. केनियाने १९७७ मध्ये ती बंद केली, ती आजतागायत बंद आहे. पर्सिव्हलची संघटनाही त्याच वर्षी विसर्जित झाली. १९७५ मध्ये वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार अमलात आला आणि बिबळ्या त्याच्या सर्वांत कडक यादीत गेला. १९८३ मध्ये गाबोरोने येथील परिषदेने काही आफ्रिकी देशांना ठराविक संख्येने कातडी बाहेर जाऊ देण्याची मुभा दिली. एका माणसाला वर्षाकाठी दोनच कातडी नेता येतात व ती विकता येत नाहीत.

या कोट्याच्या आकड्यांवर विसंबणारा फसतो. केनियात शिकार १९७७ पासून बंद, तरी त्याच्या नावावरचा ८० कातड्यांचा वार्षिक कोटा २०१९ पर्यंत कागदावर जिवंत होता! उलट दक्षिण आफ्रिकेचा कोटा १५० असताना, बिबळे नक्की किती याची खात्री देता येत नाही म्हणून, २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी त्या देशाने तो आपण होऊन शून्यावर आणला. बोट्स्वानाने २०१४ मध्ये शिकारबंदी केली व २०१९ मध्ये उठविली. झांबियाने २०१३ मध्ये सिंह व बिबळ्या यांची शिकार थांबविली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू केली. गेल्या वर्षीच्या माहितीवर या वर्षीचा बेत आखता येत नाही.

कायद्याइतकीच जमीन महत्त्वाची. टांझानियात सरकार मोठमोठे वनखंड भाडेपट्ट्याने देते. तेथे मादी मारण्यास मनाई आहे, आणि अंधारात गोळी झाडण्यासही. नामिबियात बिबळ्या बहुधा खासगी कुरणांवर असतो, आणि वासरे नेणारा चोर म्हणून मालक त्याच्यावर खार खाऊन असतो. अशा मालकाला एका बिबळ्याचे पैसे मिळाले तर तो इतर चार बिबळ्यांना विष घालणार नाही, असा शिकारीच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद आहे. उसाच्या मळ्यातून कुत्रे गेलेला शेतकरी तो चटकन समजेल. झिंबाब्वेमध्ये १९८९ पासून ‘कॅम्पफायर’ योजनेत शिकारीच्या उत्पन्नाचा वाटा गावांना मिळू लागला. जेथे तो वाटा खरोखर गावात पोचतो तेथे युक्तिवादाला अर्थ आहे. जेथे तो वाटेत जिरतो तेथे उरते ते केवळ कातडे. पाहुण्याने हेही विचारले पाहिजे, आणि उत्तर शिकारकंपनीच्या कचेरीत न घेता गावात घेतले पाहिजे.

शिकारीची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी एकच. कोरड्या नदीच्या काठी कललेल्या बुंध्याचे झाड निवडतात. त्यावर इम्पालाचे वा रानडुकराचे आमिष साखळीने बांधतात, म्हणजे ते पळविता येत नाही. गिधाडांच्या नजरेस पडू नये म्हणून ते पाल्याने झाकतात. आतडी जमिनीवरून फरफटत नेऊन वासाची वाट काढतात. झाड असे असावे की संध्याकाळी त्याच्या पाठीमागे पश्चिमेचे आकाश येईल. मग शेवटच्या उजेडातही फांदीवरची आकृती काळी उठून दिसते. वाऱ्याच्या खालच्या अंगाला पन्नास-साठ मीटरांवर गवताचा आडोसा. आमिषे अनेक ठिकाणी टांगावी लागतात, दर दिवशी तपासावी लागतात, आणि पुष्कळदा दोन आठवडे उलटूनही काही घडत नाही.

याच वेळी उतावळेपणा वाढतो. पूर्वी फांदीवर बिबळ्या दिसला की बार होई. अलीकडे झाडाला स्वयंचलित कॅमेरा बांधतात आणि आधी रात्रीची चित्रे पाहतात. नर की मादी, हे तर पाहतातच. नराच्या गळ्याखाली कातडी किती लोंबते, हेही पाहतात, कारण हे गळकंबळ वयाबरोबर वाढते आणि सात वर्षांवरील नर त्यावरून बराचसा ओळखता येतो. दक्षिण आफ्रिकेत आता सातच्या खालचा नर मारता येत नाही. हा आकडा उगाच आलेला नाही. क्वाझुलू-नाताळमधील फिंडा येथे बिबळ्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे घालून वर्षानुवर्षे अभ्यास झाला. जवान नर मारला की त्याच्या मुलखात नवा नर शिरतो आणि आधीच्याची पिल्ले मारून टाकतो. नर असे बदलत राहिले की माद्या वितात, पण पिल्ले वाढत नाहीत. कातडे एकच जाते, मात्र रान अनेक बिबळ्यांना मुकते.

तेव्हा शेवटच्या संध्याकाळी आडोशात बसलेल्या दोघांचे चित्र असे असते. पाहुण्याने पैसे भरलेले आहेत, उद्या विमान आहे, आणि फांदीवर एक देखणा नर उभा आहे. पाहुण्याचे बोट चापावर आहे. शेजारचा शिकारी दुर्बिणीतून गळ्याकडे पाहतो. तेथे कातडी लोंबत नाही. मान अजून सडपातळ आहे. तो पाहुण्याच्या रायफलीवर हात ठेवतो आणि मान हलवितो. बिबळ्या पोटभर खातो, उतरतो आणि नदीच्या पात्रात दिसेनासा होतो. मागकरी मोटार आणावयास निघतो. त्या रात्री गवतात शिरण्याची पाळी त्याच्यावर आलेली नसते.