इन्साफ मागण्याआधी



बुलढाण्याच्या कोणत्याही कोर्टाच्या आवारात पाच मिनिटं उभे राहा. अदालत, वकील, फिर्याद, जामीन, दाखला, तारीख, हक्क. हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच झाले. जत्रेतला माणूस असो की जुम्म्याच्या नमाजाला निघालेला, फिर्याद दोघंही त्याच शब्दात सांगतात.

आता 'अदालत' फोडून पाहू. मूळ शब्द 'अद्ल'. त्याच धातूचा 'इद्ल' म्हणजे ओझ्याच्या जनावराच्या एका बाजूचा भार. दोन्ही बाजूंच्या गोण्या सारख्या नसतील तर ओझं घसरतं, हे लमाणांच्या तांड्याला वेगळं शिकवावं लागलं नसेल. आणि 'इन्साफ' हा 'निस्फ'चा सख्खा. निस्फ म्हणजे अर्धा. इन्साफ करणं म्हणजे समोरच्याला त्याचा अर्धा देणं.

स्पॅनिशमध्ये न्यायाला 'हुस्तिसिया', पोर्तुगीजमध्ये 'जुस्तिसा' म्हणतात. दोन्ही लॅटिन 'युस'पासून आले, म्हणजे हक्क, कायदा. स्पॅनिश 'हुस्तो'चा अर्थ न्यायी, तसाच नेमका, बरोबर बसणारा. त्याच देशात नगराध्यक्षाला 'अल्काल्दे' म्हणतात, तो आपला अल-काझी! आपल्याकडे न्याय आणि इन्साफ शेजारी नांदतात, तसंच तिथेही.

हा पोर्तुगीज शब्द गोव्यात कायदा होऊन आला. १८६७ च्या नागरी संहितेतून आलेल्या नियमांनुसार तिथे मुलगा-मुलीला वारसा सारखा, आणि लग्नात वेगळा करार नसेल तर सामायिक मालमत्तेत नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा वाटा.

आता आपल्या घराकडे या. मोर्चात आपण 'इन्साफ पाहिजे' म्हणतो, आणि म्हटलंच पाहिजे. पण वडील गेल्यावर बहिणीला जेवायला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतो, तेव्हा तो शब्द कुठे जातो? 'तिनं खुशीनं सोडलं' असं आपण सांगतो. तिला तिचा वाटा किती, हे आकड्यात कोणी सांगितलं होतं का? नाही म्हटलं तर माहेर तुटेल, ही भीती नव्हती का? सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो भावाची मेहेरबानी नाही.

म्हणून एवढंच करा. घरात वाटणीची बोलणी निघाली की बहिणीचा वाटा आधी कागदावर लिहा, तिच्या हातात द्या आणि तिला विचार करायला वेळ द्या. इन्साफ मागण्याचा शब्द आहे, तसा देण्याचाही. अर्थ पाहिला तर देण्याचा आधी.