भिवंडीत माउंटन बाइक कुठे चालवणार?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'आयुष्यातला वेगळा अनुभव'. माझ्या आधीच्या दोघांपैकी एकाने अमेरिका सांगितली, दुसरीने हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. माझा अनुभव पडघ्याच्या पलीकडे जात नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

२०२३च्या पावसाळ्याच्या शेवटी माझे बाबा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी बेंगळुरूहून लॅपटॉप घेऊन आले ती सात महिने इथेच राहिले. येताना सायकलही आणली. आईने ती जाड टायरची सायकल पाहिली आणि विचारलं, "ही इथे कुठे चालवणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. बेंगळुरूत मी दर रविवारी नंदी टेकडीच्या पायथ्याच्या वाटांवर जात होते. भिवंडीत काय? लूम, कंटेनर, गोडाऊन आणि खाडी. डोंगर बघायचा तर माहुली नाहीतर कामणदुर्ग, तोही लांबून.

पण आजारी माणसाच्या घरात राहायचं तर सकाळचे दोन तास स्वतःचे लागतात, नाहीतर आपणच घरातला दुसरा पेशंट होतो. हे इथल्या बऱ्याच जणींना सांगायला नको.

पहिले आठ दिवस मी सगळे करतात तेच केलं. अ‍ॅपमध्ये हीटमॅप असतो, म्हणजे लोक जिथे जास्त सायकल चालवतात तिथे जाड रेघ दिसते. इथे जाड रेघ एकच, नाशिक महामार्ग. पहाटे साडेपाचला निघाले. नवव्या दिवशी एक कंटेनर इतक्या जवळून गेला की त्याच्या नुसत्या वाऱ्याने मी रस्त्याखाली उतरले. लागलं काही नाही. घरी सांगितलंही नाही. पण त्या दिवसापासून महामार्ग बंद.

मग इंजिनिअर असल्याचा उपयोग करून घ्यायचं ठरवलं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे २०१७पासून आपल्याला फुकट उतरवून घेता येतात. आपला तालुका काढून बसले. त्यात उंचीच्या रेषा दर २० मीटरला असतात. भूगोलाच्या बाईंनी शिकवलेल्या समोच्च रेषा! बाई, परीक्षेनंतर पहिल्यांदा कामाला आल्या. पण आपल्याकडे त्या रेषा इतक्या लांबलांब की अख्खं गाव दोन रेषांच्या मध्ये मावतं. याचा अर्थ तिथे काही नाही, असं मी धरलं. ती माझी चूक होती. बारा-पंधरा मीटरची टेकडी दोन रेषांच्या मध्ये पडली तर नकाशावर ती उमटतच नाही. सायकलला मात्र तेवढी टेकडी पुरते. दहा वेळा चढा, दहा वेळा उतरा.

खरं म्हणजे हे मला कळायला हवं होतं. २०१७ साली कंपनीच्या कामाने मी सहा महिने हॉलंडमधल्या आइंडहोवनला होते. तिथे पानात वाढलेल्या भातापुरताही उंचवटा नाही, तरी माउंटन बाइकच्या खुणा केलेल्या वाटा आहेत, जंगलातून, वाळूतून. हा खेळ जन्मला कॅलिफोर्नियात, १९७०च्या दशकात, डोंगरावरून जुन्या सायकली खाली सोडणाऱ्या पोरांमुळे. म्हणून आपल्या डोक्यात उतार बसलाय. सपाट देशातल्या लोकांनी उताराऐवजी वळणं घेतली. अरुंद वाट, झाडाचं मूळ, ओढा, पुन्हा वळण. वेग ताशी बारा किलोमीटर, पण डोकं एक क्षण रिकामं राहत नाही. हे तिथे अनुभवलं होतं आणि स्वतःच्या गावात आल्यावर विसरले होते.

मग वरून काढलेली चित्रं. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रंही बघता येतात. शेतांमधून जाणारी एखादी पांढुरकी बारीक रेघ एकाच वर्षी दिसली तर ती ट्रॅक्टरची. दहा वर्षं दर उन्हाळ्यात तिथेच दिसली तर ती माणसांची आणि गुरांची पायवाट. अशा पंधरा-वीस रेघा मी टिपल्या. ऑफिसच्या मीटिंग चालू असताना टिपल्या, हे माझ्या मॅनेजरला कळवू नये.

यादी घेऊन बाबांच्या खाटेशी बसले. बाबा वीज मंडळात लाइनमन होते हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. शाळेच्या गॅदरिंगला लाइट गेली की त्यांनाच बोलावणं जायचं. तेव्हा त्यांचे दिवस वाईट चालले होते. वॉकर धरून उभं राहायला तयार नव्हते. फिजिओथेरपिस्ट आला की डोळे मिटून घ्यायचे. मी लॅपटॉप समोर धरला, त्यांनी चष्मा मागितला आणि दोन मिनिटांत माझ्या निम्म्या रेघा खोडल्या.

"ही नको, पुढे ओढा आहे, फेब्रुवारीपर्यंत पाणी. ही खाजणात जाते, भरतीला अडकशील. ही बघ, या डीपीवरून त्या पाड्याच्या डीपीला लाइन गेलीय ना, तिच्या खालून वाट आहे. आम्ही फ्यूज टाकायला रात्री जायचो."

तीस वर्षं हा माणूस सायकलवरून या तालुक्यात तारांखालून फिरला होता. मी मात्र त्याला विचारायच्या आधी तीन देशांचे उपग्रह विचारले.

आमचा सौदा ठरला. मी एक वाट करून यायचं आणि सगळं सांगायचं, त्या बदल्यात त्यांनी वॉकरवर वीस पावलं टाकायची. वाट चांगली निघाली तर तीस.

पहिली चांगली वाट पाइपलाइनच्या आधाराने सापडली. तानसाचं धरण १८९२चं, आणि तिथून मुंबईला जाणाऱ्या नळांना आपल्या तालुक्यातून वाट काढावी लागते. ते पाणी पंपाशिवाय, स्वतःच्या ओघाने जावं अशी आखणी होती, म्हणून नळाची रेषा उगाच चढत नाही, उगाच उतरत नाही. नवख्या माणसाला यापेक्षा चांगला धागा नाही. नळाच्या कडेने जायचं आणि आडवी येणारी प्रत्येक पायवाट बघत राहायचं. जिथे रखवालदार नको म्हणाला तिथून मी मुकाट मागे फिरले. पिण्याच्या पाण्याचं काम आहे, त्याचंही बरोबर आहे.

त्यातलीच एक वाट गवताळ वरकस जमिनीवर निघाली. सहा-सात बुटक्या टेकड्या, मधून गुरांच्या वाटा, कुठे कुठे उघडा कातळ. नकाशावर तिथे एकही रेषा नाही. त्या सकाळी मी तिथे दीड तास गोल गोल फिरले. एक आजी गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "काय हरवलंय गो तुझं?"

दुसरी वाट सोनाळ्याकडून आत, लोणाडच्या बाजूला. सहलीला आपल्याला दरवर्षी वज्रेश्वरीची गरम कुंडंच दाखवली. लोणाडला डोंगरात बौद्ध लेणं आहे, शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे, जवळच चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१चा शिलालेख मिळालाय, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी सायकलमुळे कळलं. लेण्याच्या पायथ्याला सायकल लावायची आणि वर चालत जायचं. तिथे सायकल रेटू नये.

कोणाला करून बघायचं असेल तर थोडं सांगते. भात कापून झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच जा. उभ्या पिकाच्या बांधावर चाक घालायचं नाही. तो बांध कोणीतरी पाठ मोडून घातलेला असतो. टायरमध्ये हवा कमी ठेवा, कारण वाळलेल्या चिखलातले म्हशींच्या खुरांचे ठसे दात हलवतात. बाभळीचा काटा कोणालाच सोडत नाही. एकट्या बाईने जावं का, असं मला फार विचारतात. मी पहिल्या दिवशी पाड्यात थांबते, पाणी मागते, कोणाची मुलगी ते सांगते. 'लाइनमनची मुलगी' म्हटलं की तालुक्यात अजून चहा मिळतो.

आता चिंचेचं. बाबांनी एका वाटेची खूण सांगितली होती: मोठी चिंच, तिच्याखाली ते आणि त्यांचे सोबती डबा खायचे. मी गेले. चिंच नव्हती. निळ्या पत्र्याचं गोडाऊन होतं, चारशे-पाचशे फूट लांब, आणि वाट त्याच्या भिंतीला जाऊन थांबली होती. (आपल्यातल्या तिघांची गोडाऊनं आहेत, त्यांनी रागावू नये. भाड्यावर मुलांची शिक्षणं झाली, मला माहीत आहे. आमण्याला समृद्धी महामार्ग उतरलाय, अजून येणारच.) त्या आठवड्यात बाबा पहिल्यांदा दारापर्यंत चालत गेले होते. मी घरी येऊन सांगितलं, चिंच आहे, छान आहे.

त्यांनी फोटो मागितला. मी दुसऱ्याच एका चिंचेचा दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही पाड्याच्या विहिरीवरची. तिथे गोडाऊन झालं ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "मग मागच्या बाजूने ओढ्यात उतर. पोल मोज, चौथ्या पोलला वर ये. तिथून जुनीच वाट लागते." आणि न सांगता वॉकर ओढून घेतला.

चौथ्या नाही, पाचव्या पोलला वर यावं लागतं. मध्ये एक नवा टाकलाय. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की मला आधी समजेना का.

उद्या रविवार आहे. मी सकाळी सहाला शाळेच्या फाटकाशी असेन. जाड टायर नसले तरी चालेल, साधी सायकल आणा, बावीस किलोमीटर आहे, नऊपर्यंत परत. एक जास्तीचं हेल्मेट माझ्याकडे आहे. बाबांनी विचारलंय किती जण येणार, तेव्हा जेवणाच्या आधी नावं द्या.