अदृश्य द्रव्याचा शोध

विश्वांत दिसणाऱ्या द्रव्याहून न दिसणारें द्रव्य सुमारें पांचपट आहे, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. १९३३ सालीं फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञानें कोमा नांवाच्या दीर्घिकासमूहाचें निरीक्षण केलें. तेथील दीर्घिका इतक्या वेगानें धांवतांना आढळल्या कीं, केवळ दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आकर्षणानें त्या एकत्र राहणें शक्य नव्हतें. उरलेला भार ज्याचा, तें कृष्णद्रव्य होय.

न दिसणारें शोधावें कसें? कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नाश पावत असतील, तर त्यांतून गॅमा किरण निघावेत, असा तर्क आहे. २००८ सालीं फर्मी नांवाची दुर्बीण अंतराळांत गेली. तिच्या नोंदींवरून २००९ सालीं लिसा गुडइनफ व डॅन हूपर यांनीं दाखविलें कीं, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून अपेक्षेहून अधिक गॅमा किरण येत आहेत.

हें आधिक्य कृष्णद्रव्याचें, कीं गरगर फिरणाऱ्या, परंतु एकेकटे ओळखूं न येणाऱ्या स्पंदक ताऱ्यांचें? येथें संख्याशास्त्र साहाय्यास आलें. पावसाची सर अंगणांत सर्वत्र जवळजवळ सारखी पडते. पागोळ्या मात्र ठराविक जागींच गळतात. कृष्णद्रव्याचा प्रकाश सरीसारखा, ताऱ्यांचा पागोळ्यांसारखा. म्हणून आकाशाचे लहान चौकोन कल्पून प्रत्येकांतले प्रकाशकण मोजावयाचे. सरासरी ९ कण अपेक्षित असतील, तर पॉयसाँच्या नियमाप्रमाणें बहुतेक चौकोनांत ६ ते १२ सांपडावेत. चढउतार याहून फार दिसले, तर उगम विखुरलेल्या ताऱ्यांचा समजावा. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा गणितानें ताऱ्यांच्या बाजूनें कौल दिला.

तथापि वाद मिटला नाहीं. २०१९ सालीं रिबेका लीन व ट्रेसी स्लॅटियर यांनीं फर्मीच्या खऱ्या नोंदींत कृष्णद्रव्याचा कृत्रिम प्रकाश मिसळून तेंच गणित केलें. गणितानें तोही ताऱ्यांच्याच खातीं जमा केला! विशेष हें कीं, २०१६ च्या गणितांत स्लॅटियरबाई स्वतः सहभागी होत्या. आकाशगंगेच्या इतर प्रकाशाचा नकाशा थोडा सदोष असला, तरी निकाल एका बाजूस झुकूं शकतो, असें पुढें दिसून आलें.

यावरून तें आधिक्य कृष्णद्रव्याचेंच असें मात्र ठरत नाहीं. मिटलासा वाटणारा प्रश्न पुन्हा खुला झाला, इतकेंच. माल जोखण्यापूर्वीं ठाऊक असलेलें वजन पारड्यांत टाकून तराजूच तपासावा लागतो. आकाश जोखणाऱ्यांसही तोच नियम लागू आहे.