लंडन ते पॅरिस : आकाशातील वाट

लंडन व पॅरिस या दोन राजधान्यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास ते पंचवीस-सव्वीस मिनिटांत तोडता यावे, असा हिशेब शाळकरी मुलगाही मांडील. परंतु वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. मग उरलेला वेळ जातो कोठे?

धावपट्टी गाठणे, वर चढणे आणि सावकाश खाली उतरणे यांत त्यातील बराच वेळ सरतो. शिवाय विमानास मन मानेल तसे उडता येत नाही. आखलेल्या मार्गाने व नेमलेल्या उंचीवरूनच त्यास जावे लागते.

ही शिस्त मोठे मोल देऊन आलेली आहे. ऑगस्ट १९१९ मध्ये या शहरांमध्ये रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा प्रवासास सुमारे अडीच तास लागत. वैमानिक खालचे रस्ते व लोहमार्ग पाहूनच वाट काढीत. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्सवर धुके दाटले होते. लंडनहून टपाल घेऊन निघालेले एक विमान आणि पॅरिसहून उतारू घेऊन येणारे दुसरे, अशी दोन्ही विमाने एकाच रस्त्याचा माग धरून समोरासमोर आली व एकमेकांवर आदळली. दोन्हींतील मिळून सात जण प्राणांस मुकले. त्यानंतर विमानमार्ग निश्चित करण्यात आले आणि उजवी बाजू राखण्याचा दंडक ठरला.

एवढ्याशा अंतरास इतका वेळ का, असे विचारणाऱ्या उतारूने त्या सात जणांचे स्मरण ठेवावे.