नाव दिसते, आकडा राहतो



शाळेच्या कचेरीत आता संगणक आहे आणि पटावरची माहिती गुरुजींना त्यात भरावी लागते. मूल शाळेत कसं येतं, हा एक साधा रकाना घ्या. हातानं भरू दिलं तर एक जण लिहील ‘एसटी’, दुसरा ‘एस. टी.’, तिसरा नुसतं ‘बस’. माणसाला तिन्ही एकच; यंत्राच्या लेखी तीन निराळ्या गोष्टी. मग मोजदाद कशी जुळायची? म्हणून रकान्याच्या कडेला एक खूण असते. ती दाबली की यादी खाली उघडते आणि तिच्यातलंच एक निवडायचं. हीच ड्रॉप-डाउन यादी.

ही यादी येते कोठून? सी शार्प भाषेत प्रोग्राम लिहिणारा ठरावीक पर्यायांचा एक संच आधी जाहीर करतो. त्याला ‘एनम’ म्हणतात. समजा, पायी, सायकल, एसटी. वेगळं काही सांगितलं नाही तर त्यांना ०, १, २ असे आकडे आपोआप मिळतात. २००२ साली आलेलं विंडोज फॉर्म्स काय किंवा २००६ चं डब्ल्यूपीएफ काय, दोन्हींत हा संच यादीला थेट जोडता येतो. ही नावं देवनागरीतही चालतात बरं का! फक्त नावात मोकळी जागा चालत नाही. तेव्हा पडद्यावर दाखवायचं नाव वेगळं लिहावं.

मेख पुढेच आहे. पडद्यावर नाव दिसतं, पण नोंदीत पुष्कळदा साठवला जातो तो आकडा. पुढच्या वर्षी गावात रिक्षा सुरू झाली आणि कोणी सायकलीच्या खाली ‘रिक्षा’ घुसडलं, तर रिक्षा होते २ आणि एसटी ३. गेल्या वर्षीच्या नोंदींत मात्र २ च आहे. म्हणजे एसटीनं येणारी सगळी मुलं एका रात्रीत रिक्षात बसली! पासाची यादी यंत्रातून काढली तर दूरच्या वाडीवरच्या मुलीचं नाव तिच्यात नसेल. यंत्र कुरकुर करत नाही, लाल अक्षरंही दाखवत नाही.

उपाय अगदी सोपा आहे. प्रत्येक पर्यायापुढे आकडा स्वतः लिहावा: पायी १, सायकल २, एसटी ३. रिक्षा आली की तिला ४ द्यावा; जुन्या आकड्यांना हात लावू नये. मग यादीत रिक्षा कुठेही दाखवा. मात्र प्रोग्राममध्ये निवडलेला पर्याय वाचावा, ओळ कितवी ते नव्हे. ओळींची मोजणी शून्यापासून होते आणि क्रम बदलला की तीही बदलते.

आणि शून्य? तो ‘नोंद नाही’ यासाठी राखून ठेवावा. न भरलेल्या रकान्यात मुळात शून्यच असतो. शून्य म्हणजे ‘पायी’ असं ठरलं असेल, तर ज्याला कोणी विचारलंच नाही ते मूलही पायी येणाऱ्यांत मोजलं जातं.