बहिणीच्या गांवाची वाट

(नभोवाणीवरील भाषण)

मे महिना लागला, शाळांना सुटी झाली, कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो : यंदा जावयाचें कोठें? कोणी महाबळेश्वरचें नांव घेतो, कोणी मनालीचें, आणि ज्याच्या खिशांत बळ असेल तो सिंगापुरापर्यंत मजल मारतो. आज ज्या प्रवासाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, त्यांत यांपैकीं एकही ठिकाण नाहीं. २०२४ सालच्या मे महिन्यांत आम्ही घरचीं पांच माणसें तुर्भ्याहून मोटारीनें इंदुरास गेलों. तेथें माझी थोरली बहीण राहते. तिला आम्ही आक्का म्हणतों. पंधरा वर्षांत मी तिच्या घरीं गेलों नव्हतों, आणि न जाण्याचें कारण अंतर हें नव्हतें.

मी मूळचा नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्याचा. शिक्षकाची नोकरी मिळाली म्हणून तुर्भ्यास आलों आणि तेथूनच निवृत्त झालों. तुर्भे म्हटलें कीं आपल्यापैकीं पुष्कळांना घाऊक बाजार आठवेल. मुंबईचा कांदाबटाट्याचा बाजार मशीदबंदराच्या गर्दींतून उठून इकडे आला, त्याला आतां चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पहाटें फिरावयास निघालों कीं मालमोटारींची रांगच्या रांग दिसते. मास्तरकीची खोड अशी, कीं मी त्यांच्या पाट्या वाचीत जातों. एम्.एच्. १५ म्हणजे नाशिक, माझा जिल्हा, एम्.पी. ०९ म्हणजे इंदूर. आक्काच्या गांवची गाडी एका रात्रींत माझ्या दाराशीं येऊन उभी राहते, आणि मला मात्र त्या गांवाची वाट पंधरा वर्षें सांपडत नाहीं, हें रोज सकाळीं मला त्या पाट्या सांगत असत.

आतां कारण सांगतों. आक्काचें लग्न १९७८ सालीं झालें. दाजी इंदुरांतील एका कापडगिरणींत होते. पुढें ती गिरणी बंद पडली आणि दाजींची उमेदच खचली. आक्कानें शिवणयंत्रावर बसून दोन मुलांचीं शिक्षणें पुरीं केलीं. २००९ सालीं आमचे वडील वारले. मागें जुनें घर आणि चार एकर जमीन राहिली. वारस लावतांना कोणीसें सुचविलें, कीं बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे पुढें कटकट नको. मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालींच झालेली होती. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवीत होतों! तरीही मीं आक्काला फोन केला, "एकदां येऊन सही करून जा." ती रात्रभर बसचा प्रवास करून आली. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सही केली, दुपारीं आमच्याबरोबर पिठलेंभाकरी जेवली, आणि त्याच रात्रीं परत गेली. तिनें कांहीं मागितलें नाहीं, मीं कांहीं विचारलें नाहीं.

त्यानंतर दर भाऊबीजेला फोन होई. प्रकृति कशी आहे, पाऊस कसा आहे, एवढें बोलणें. २०२१ च्या एप्रिलांत दाजी गेले. करोनाचा काळ होता, प्रवासावर निर्बंध होते. मला सबब आयतीच मिळाली. ज्याच्याशीं आपण अन्यायानें वागलों त्याचें घर फार दूर वाटूं लागतें, हा भूगोल कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं.

आमच्या नऊ वर्षांच्या नातवानें एके दिवशीं जुना फोटो काढून मला विचारलें, "आजोबा, ही आजी जिवंत आहे का?" मला उत्तर देतां येईना. त्या रात्रीं मीं चिरंजीवांना म्हटलें, "या सुटींत इंदुरास जाऊं. आगगाडीनें नको, मोटारीनेंच."

पहाटें चार वाजतां निघालों. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचें पन्हें आणि पाण्याचे दोन मोठे थर्मास. तुर्भ्याहून शिळफाटा, भिवंडी करून आम्ही जुन्या आग्रा रोडला लागलों. इंदुरापर्यंत सुमारें पावणेसहाशे किलोमीटरची मजल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट टाळण्याची सोय झाली. आमच्या वेळीं ती नव्हती. घाटांतल्या वळणांनीं नातवाच्या पोटांत ढवळलें आणि दोनदां गाडी थांबवावी लागली. परंतु त्यामुळेंच सूर्योदय आम्हीं पायउतार होऊन पाहिला.

नाशिक मागें टाकलें, गोदावरी ओलांडली. पिंपळगांव बसवंतच्या पुढें दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे आणि कांद्याच्या चाळी दिसूं लागल्या. शहरांतील श्रोत्यांसाठीं सांगतों, ही चाळ राहण्याची नव्हे. बांबूच्या वा लांकडाच्या पट्ट्यांची, चहूंकडून वारा खेळेल अशी, जमिनीपासून उचललेली ही कोठी असते. उन्हाळ कांदा मार्च ते मे या दिवसांत काढून तींत भरला, म्हणजे पावसाळाभर टिकतो. आमच्या शेताचा बांध लागला तेव्हां मीं गाडी आंत घ्यावयास सांगितलें. जुनें घर विकलेलें. जमीन मात्र वाट्यानें दिलेली आहे. चाळींतून पंचवीस किलोंची एक गोणी भरून घेतली. आमची मंडळी म्हणाली, "इंदूरहून कांदा तुर्भ्याला येतो आणि तुम्ही इंदुरास कांदा नेतां! काशीस गंगोदक नेण्यापैकींच हें." मीं उत्तर दिलें नाहीं. ज्या शेतावरचा हक्क सोडावयास लावला, त्या शेतांतलें कांहीं तरी तिच्या दारांत टाकावें, एवढेंच मनांत होतें.

चांदवडास होळकरांचा रंगमहाल आहे. तो बाहेरूनच पाहून पुढें निघालों. मालेगांव गेलें, धुळें आलें. ऊन असें, कीं डांबरावर पाणी असल्याचा भास व्हावा. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, हें मीं नातवाला सांगितलें. तो म्हणाला, "एवढ्या उन्हांत?" तीं प्रवचनें फेब्रुवारी ते जून अशींच झालीं, म्हणजे त्याची शंका अगदींच अस्थानीं नव्हती.

यापुढचा रस्ता म्हणजे मीं तीस वर्षें फळ्यावर काढलेला नकाशा. आधीं तापी, मग सातपुडा, मग नर्मदा, मग विंध्य. द्वीपकल्पावरील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेस वाहतात; या दोघी मात्र खचदऱ्यांतून पश्चिमेस जातात, हें मीं किती मुलांकडून घोकून घेतलें असेल! पण डोळ्यांनीं सलग कधीं पाहिलें नव्हतें. शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडली आणि थोड्याच वेळांत मागील चाक बसलें. एका मालमोटारीचा चालक आपण होऊन थांबला, त्यानें चाक बदलून दिलें आणि पैसे घेतले नाहींत. कोठें जातां म्हणून त्यानें विचारलें. "बहिणीकडे," असें मी म्हणालों, आणि तो शब्द उच्चारतांना माझा मलाच संकोच वाटला.

पळासनेरपुढें राज्याची हद्द संपली. बिजासनचा घाट चढून सेंधव्यास आलों. दुपार कलतां कलतां खलघाटच्या पुलावरून नर्मदेचें दर्शन झालें. सूनबाईनें हात जोडले. तेथून थोड्याच अंतरावर महेश्वर. चौंडीची लेक होळकरांच्या घरीं दिली गेली आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत तिनें या नदीकांठावरून राज्य चालविलें. अहल्याबाईंचें नांव आपण अभिमानानें घेतों. आणि आपल्या घरची लेक त्याच मुलखांत दिली, कीं तिला परकी समजून मोकळे होतों.

मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर आलों तेव्हां वाऱ्यांत गारवा होता. दिवेलागणीस आक्काच्या गल्लींत पोहोचलों. ती दारांतच उभी होती. केस पांढरे झालेले, एका डोळ्याचें ऑपरेशन झालेलें. तिनें प्रथम नातवाला जवळ घेतलें, मग गोणीकडे पाहिलें, एक कांदा काढून नाकाशीं धरला आणि म्हणाली, "आपल्या वरच्या पट्टींतला ना?"

दुसरे दिवशीं सकाळीं पोहेजिलबी झाली, मुलें राजवाडा पाहून आलीं. रात्रीं गच्चीवर आम्ही दोघेंच होतों. मीं म्हटलें, "आक्का, त्या कागदाविषयीं मला बोलावयाचें आहे." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊ, मीं सही केली ती जमिनीच्या कागदावर. माहेर सोडतें म्हणून कोठें लिहून दिलें होतें? हे गेले तेव्हां तेरा दिवस मी दाराकडे पाहत होतें. रस्ते बंद आहेत, हें मलाही माहीत होतें. पण रस्ते उघडल्यावरही तूं आला नाहींस."

श्रोतेहो, मीं आयुष्यभर मुलांना उभें करून प्रश्न विचारले. त्या रात्रीं मी खालीं मान घालून उभा राहिलेला विद्यार्थी होतों.

तुर्भ्यास परतल्यावर धाकट्या भावाशीं बोललों. तोही मनांतून हेंच इच्छीत होता. आक्का "नको, नको" म्हणत होती. परंतु बहिणींचें "नको" ऐकण्याची संवय आम्हां भावांना फार सोयीची असते, म्हणून या खेपेस तें ऐकलें नाहीं. २०२५ च्या जानेवारींत रीतसर बक्षीसपत्र करून तिचा तिसरा हिस्सा तिला दिला आणि सातबाऱ्यावर तिचें नांव लागलें. तिनें आमच्याकडून मागितलें तें एकच : "दरवर्षीं एक गोणी पाहिजे. पण ती मालमोटारींतून पाठवूं नकोस. स्वतः घेऊन ये." २०२५ च्या मे महिन्यांत ती गोणी आम्हीं पोहोंचविली.

उन्हाळ्याच्या सुटींत थंड हवेच्या ठिकाणीं अवश्य जावें. परंतु आपल्या प्रत्येकाच्या घरीं एखादें नांव असतें, ज्याचा फोन वर्षांतून एकदां येतो, आणि ज्याच्या गांवाचा विषय निघाला कीं आपण भाड्याच्या, उन्हाच्या, रजेच्या गोष्टी काढतों. यंदा त्या गांवाची वाट धरा. तेथवर रस्ता पक्का आहे. कच्चें असतें तें आपलें मन. आणि बहिणीकडून एखादी सही घेतलेली असेल, तर जातांना तो कागदही आठवून जा.